काळा प्लग काय सांगतो

जुनी मोटारसायकल चालू होईना, किक मारणाऱ्याचा पाय भरून आला, की भोवती जमलेल्या चौघांपैकी एक जण तरी अधिकारवाणीने म्हणतो, “प्लग काढून बघा.” सल्ला चुकीचा नसतो. प्लग काढला जातो. तो काळाकुट्ट निघतो. पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवला की गाडी चालूही होते. सर्वांचे समाधान होते. पुढे चाळीस-पन्नास किलोमीटरांवर तोच प्रकार घडतो तेव्हा नवा प्लग येतो, आठ दिवसांत तोही काळा पडतो, आणि मग दुकानदारापासून कलियुगापर्यंत सर्वांस दोष लावला जातो. वस्तुतः ह्या प्रकरणात प्लगचा अपराध क्वचितच असतो. वैद्य रोग्याची जीभ पाहतो ती काही जिभेला औषध लावण्यासाठी नव्हे. काजळलेल्या प्लगकडेही त्याच दृष्टीने पाहावयास हवे; आणि तसे पाहणे शिकून घ्यावे, कारण येथे निदान चुकले तर नुकसान एका प्लगच्या किमतीवर भागत नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ गणले जाते. ह्या व्याख्येत बसणाऱ्या ज्या मोटारसायकली बेळगाव, गोवा, हैदराबाद, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी अजून हौसेने सांभाळलेल्या दिसतात, त्यांत बुलेट आणि जावा ह्या प्रमुख होत. बुलेट मद्रासेत १९५५ पासून तयार होऊ लागली. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातील. म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात तिचे उत्पादन १९६१ साली सुरू झाले, पुढे तेथील गाड्यांना ‘येझदी’ हे नाव मिळाले, आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. ही नावे अलीकडे बाजारात पुन्हा आली आहेत. परंतु त्या गाड्या निराळ्या, त्यांचा येथे विचार नाही. प्लग काजळण्याची विद्या शिकावयाची तर ती जुन्या २५० सीसी जावाकडूनच शिकावी. इतकी बोलकी शिक्षिका दुसरी मिळणे कठीण.

ह्या जावाला दोन बाजूंना दोन सायलेन्सर असल्यामुळे तिला दोन सिलिंडर असावेत असे पुष्कळांना वाटते. सिलिंडर एकच आहे: ६५ मिलिमीटर व्यासाचा, आणि त्यातील पिस्टनची धाव ७५ मिलिमीटरांची. प्लगही एकच. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनला, क्रँकला आणि बेअरिंगांना लागणारे तेल पेट्रोलातच मिसळून द्यावे लागते. साधारणतः वीस ते पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल. पंचवीसास एक म्हणजे दर लिटरास ४० मिलिलिटर. हे तेल आपले काम करून पेट्रोलाबरोबर जळते, पण पेट्रोलाइतके स्वच्छ जळत नाही. तेलावाचून गाडीचे चालत नाही आणि तेलच तिच्या प्लगला काळे फासते, असा हा घरोबा आहे.

काजळी धरल्याने प्लग बंद का पडतो हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. प्लगच्या मध्यभागी धातूची कांडी असते, तिच्याभोवती चिनी मातीसारख्या पांढऱ्या, विजेला न जुमानणाऱ्या पदार्थाचे वेष्टन असते, आणि बाहेर आटे पाडलेले पोलादी कवच असते. कवचाला जोडलेला एक वाकडा दात कांडीच्या टोकासमोर येतो. त्या दोहोंमधील फट जावाच्या प्लगमध्ये सुमारे ०.६ मिलिमीटर राखतात. कॉइलमधून येणारा विजेचा दाब काही हजार व्होल्टांपर्यंत चढतो आणि चढता चढता फटीतील वायूचा विरोध मोडून ठिणगी पाडतो. येथे ‘चढतो’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पांढऱ्या वेष्टनावर काजळी बसली म्हणजे कर्ब बसला. आणि शिसपेन्सिलीच्या कांडीतून वीज वाहते त्याप्रमाणे ती ह्या कर्बातूनही वाहते. मग वीज फटीवरून उडी मारण्याऐवजी काजळीच्या पायवाटेने मुकाट्याने कवचापर्यंत उतरून जाते. तळाशी तडा गेलेल्या रांजणात कितीही पाणी ओतले तरी ते काठापर्यंत चढत नाही, त्यातलाच हा प्रकार. ह्यालाच कारागीर ‘प्लग शॉर्ट झाला’ असे म्हणतात आणि ते अगदी योग्य वर्णन आहे.

ह्यावरून एका रूढ परीक्षेतील उणीव ध्यानात येईल. प्लग काढून, टोपी जोडून, तो इंजिनच्या धातूवर टेकवून किक मारतात आणि ठिणगी दिसली की प्लग निर्दोष ठरवतात. पण उघड्या हवेत ०.६ मिलिमीटरची उडी मारणे सोपे असते. सिलिंडरमध्ये पिस्टनने दाबून घट्ट केलेल्या वायूतून तीच उडी मारावयास कितीतरी अधिक दाब लागतो. बाहेर ठिणगी नाही तर आतही नाही, हे खरे. मात्र बाहेर आहे म्हणून आतही आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही. ओहममापक यंत्र हाताशी असल्यास अधिक विश्वसनीय पारख करता येते: निरोगी प्लगचे मधले टोक आणि कवच ह्यांमधील विरोध दहा मेगओहमांच्या वर असतो. तो बराच खाली आला असेल तर रांजणाला तडा गेला आहे असे समजावे. ठिणगीची परीक्षा करावयाचीच असेल तर प्लग त्याच्या भोकापासून दूर, सिलिंडरच्या पंखांवर पक्का टेकवून करावी. किक मारताना त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. तिच्या तोंडाशी ठिणगी धरणे म्हणजे आग लावण्यास बसणे होय.

आता कोणी विचारील की तेल आणि पेट्रोल रोजच जळते, तर मग प्रत्येक प्लग का काजळत नाही? ह्याचे उत्तर उष्णतेत आहे. पांढऱ्या वेष्टनाचे आतले टोक सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसवर गेले की त्यावर बसणारा कर्ब आपोआप जळून जातो. प्लग स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवतो. त्याहून थंड राहिला तर काजळी साठते. उलट सुमारे ८५० अंशांच्या पलीकडे गेला तर त्याचे लालबुंद टोकच ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवू लागते, आणि ही अकाली आग पिस्टनच्या माथ्याला भोक पाडू शकते. प्लगला ह्या दोन मर्यादांच्या मध्ये राहावयाचे असते. म्हणून वेगवेगळ्या इंजिनांसाठी ‘गरम’ आणि ‘थंड’ प्लग बनवतात. ज्याचे वेष्टन आत लांबवर उघडे असते तो उष्णता सावकाश सोडतो, तो गरम. ज्याचे आखूड असते तो चटकन सोडतो, तो थंड.

हे भेद प्लगवरील आकड्यांनी दाखवतात आणि नेमका तेथेच जुन्या गाडीचा मालक फसतो. बॉशच्या जुन्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. १७५ पेक्षा २२५ थंड. बंगलोरच्या मायको कंपनीचे प्लग ह्याच परंपरेतले आणि जुन्या पुस्तिकांतून हेच आकडे आढळतात. बॉशच्या नव्या पद्धतीत मात्र आकडा वाढला की प्लग गरम होतो. जपानी एनजीके कंपनीचा आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियनचा वाढला की गरम. एकाच इयत्तेच्या दोन पुस्तकांत एकाच गणिताची दोन उत्तरे छापल्यासारखे हे आहे. तेव्हा ‘एक नंबर वरचा द्या’ असे दुकानात मोघम सांगण्यात काही अर्थ नाही. कंपनीचा तुलनातक्ता पाहून, मूळ पुस्तिकेतील प्लगशी जुळणाराच प्लग घ्यावा. आट्यांची लांबीही तीच असावी. जावाचे आटे आखूड, १२.७ मिलिमीटरांचे असतात. त्याच व्यासाचा लांब आट्यांचा प्लग तिच्या भोकात बसतो खरा, परंतु आत डोकावणारे त्याचे टोक पिस्टनवर आदळण्याचा धोका राहतो.

प्लग योग्य आहे, फट योग्य आहे, तरीही तो काळा पडतो. आता खरे निदान सुरू होते आणि पहिला प्रश्न असा की हा काळेपणा कोरडा आहे की ओला?

कोरडी, मऊ, कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी बोटाने सहज पुसली जाते. कंदिलाची वात वाजवीपेक्षा वर काढली की काच काळी होते. येथेही हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे. चोकची झडप पूर्ण उघडत नसेल, हवेची गाळणी धुळीने बुजली असेल, कार्बुरेटरमधील फ्लोटची सुई पेट्रोल नीट अडवीत नसेल. पण पन्नास-साठ वर्षांच्या गाडीत सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाणारे कारण निराळेच असते. थ्रॉटलच्या स्लाइडला लटकणारी निमुळती नीडल आणि ती ज्यात खाली-वर होते ते पितळी जेट ही जोडी वर्षानुवर्षे एकमेकांवर घासते. जेटचे गोल भोक किंचित लांबट होते. डोळ्यांना ते दिसतही नाही. तथापि तेवढ्या वाढीव फटीतून पेट्रोल जास्त वर येते. मालक मुख्य जेट बदलून पाहतो आणि फरक पडत नाही, कारण शहरातल्या अर्ध्यामुर्ध्या थ्रॉटलवर कारभार मुख्य जेटचा नसतो, नीडलचा असतो. अशा वेळी दोन्ही भाग जोडीने नवे घालणे हाच उपाय होय.

सायलेन्सर बुजल्यानेही अशीच काजळी धरते. जावाच्या सायलेन्सरांतील आतल्या नळ्या स्क्रू काढून बाहेर ओढता येतात; कारखान्याने ती सोय उगाच केलेली नाही. तेलकट कर्बाने त्या लिंपल्या गेल्या की जळका धूर मागे तुंबतो, ताज्या मिश्रणाला जागा मिळत नाही आणि ज्वलन मंदावते. कित्येक गाड्यांच्या नळ्या वर्षानुवर्षे कोणी उघडलेल्याच नसतात.

कोरड्या काजळीचे तिसरे कारण पेट्रोलशी निगडित नाहीच. ठिणगीच अशक्त असेल तर योग्य मिश्रणही अर्धवट जळते. जुन्या जावाची विद्युत्‌योजना अवघ्या सहा व्होल्टांची. बॅटरी उतरलेली, पॉइंट जळलेले, कंडेन्सर निकामी, वायरीच्या जोडांवर हिरवट गंज; ह्यांपैकी एखादा दोषही कॉइलचे बळ खच्ची करावयास पुरतो. पॉइंटांची फट ०.४ मिलिमीटर असावी; ते उघडताना त्यांच्यामध्ये पिवळसर ठिणग्यांचा लखलखाट दिसला तर कंडेन्सरवर संशय घ्यावा.

पेट्रोल जास्त की ठिणगी कमी, हे ओळखण्यासाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते. प्लगची फट तात्पुरती ०.४ मिलिमीटरांपर्यंत कमी करून गाडी चालवून पाहावी. तेवढ्याने सुधारणा झाली तर दोष विजेच्या बाजूचा, कारण लहान फट अशक्त दाबालाही ओलांडता येते. फरक पडला नाही, आणि शिवाय इंजिन थंड असताना बरे चालते व तापले की अडखळते असे आढळले, तर पेट्रोल जास्त जाते आहे. ठिणगीचा अशक्तपणा बहुधा चढावर, थ्रॉटल उघडताक्षणी प्रकट होतो. पेट्रोलचा अतिरेक सपाट रस्त्यावरही गुरगुरत राहतो.

स्थळकाळाचाही येथे थोडा वाटा असतो. पणजीच्या समुद्रसपाटीवर जुळवलेली गाडी सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात नेली की तेथील हवा विरळ असल्यामुळे तेच जेट किंचित जास्त पेट्रोल देऊ लागते. एवढ्याने निरोगी गाडीचा प्लग काजळत नाही. पण जी आधीच काठावर आहे तिला हे निमित्त पुरते. घर ते बाजार एवढ्या दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांनीही प्लग कधी पुरेसा तापत नाही. अशा गाडीला आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर न्यावे.

ओलेपणात दोन जाती आहेत. प्लग ओला आहे, पेट्रोलचा वास येतो आणि रुमालाने टिपला की जवळजवळ स्वच्छ निघतो, तर मिश्रण आत पोहोचले पण पेटलेच नाही. थंडीच्या दिवसांत टिक्लरची कळ दाबून दाबून पेट्रोल वाहवले की असे होते. पेट्रोलचा नळ बंद करून, प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून दहा-बारा किका मारल्या की आतली ओल निघून जाते. पुन्हापुन्हा असे होत असेल तर फ्लोटची सुई तरी तपासावी किंवा ठिणगी मुळात आहे का ते पाहावे.

दुसरा ओलेपणा तेलकट, चिकट आणि काळाभोर असतो. पुसल्यावर बोटावर डाग राहतो. मालकाच्या मनात पहिली शंका येते ती पेट्रोलमध्ये तेल जास्त पडले अशी. ती तपासून घ्यावी. पंपावर अंदाजाने तेल ओतणारा मनुष्य शाळेतील गुणोत्तर-प्रमाण केव्हाच विसरलेला असतो. मापाने मिसळूनही प्लग तेलकट येतो तेव्हा मात्र नजर इंजिनच्या डाव्या बाजूकडे वळवावी. जावाची प्राथमिक साखळी आणि क्लच डावीकडे तेलात फिरतात. ते तेल आणि क्रँककेस ह्यांच्यामध्ये क्रँकच्या दांड्यावर बसवलेले सील हाच काय तो पडदा. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते; सीलचे रबर वयाने कडक झाले असेल तर ह्या ओढीने क्लचकडील तेल आत खेचले जाऊन थेट ज्वलनात येते. सायलेन्सरांतून दाट पांढरट धूर निघू लागतो, धुराला गिअर ऑइलचा उग्र वास येतो, आणि सर्वांत निर्णायक पुरावा असा की जमिनीवर एक थेंब न सांडता गिअरबॉक्सचे तेल कमी होत जाते. असा पुरावा असताना प्लग बदलीत बसणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडी बदलीत बसणे.

उजव्या बाजूचे सील फाटले तर गोष्ट नेमकी उलटी होते. तेथे डायनॅमो आणि पॉइंट असतात, तेल नसते. त्यामुळे तेथून आत येते ती निव्वळ हवा. मिश्रण पातळ होते, इंजिन उगाचच वेग घेऊ लागते, प्लग पांढराफटक पडतो. दोन सीले एकाच वयाची, एकाच रबराची. एक काळा प्लग देते, दुसरे पांढरा. काही गाड्यांत दोन्ही एकाच वेळी गळतात, आणि तेव्हा प्लगचा रंग पाहून भलेभले कारागीर चक्रावतात. इंजिन उघडलेच तर दोन्ही सीले एकदम बदलावीत हे उत्तम.

बुलेट फोर-स्ट्रोक असल्यामुळे तिचे तेल वेगळे असते आणि तिच्या प्लगवर तेल येण्याच्या वाटाही वेगळ्या. चोर्ला घाट उतरताना थ्रॉटल बराच वेळ मिटलेला असतो. त्या वेळी सिलिंडरमधील ओढीने झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून तेल आत झिरपते. पायथ्याशी थ्रॉटल उघडताच निळ्या धुराचा एक लोट निघाला आणि मग धूर ओसरला, तर गाइड झिजला. घाट चढताना, भार ओढताना निळा धूर सतत येत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरच झिजला. एकच घाट, उतरताना एक सांगतो आणि चढताना दुसरे.

आणखी एक प्रकार बहुधा टू-स्ट्रोकमध्येच आढळतो. चांगली पळणारी गाडी एकाएकी, एखादी कळ दाबून बंद करावी तशी बंद पडते. प्लग काढून पाहिला तर तो फारसा काळा नसतो. पण फटीमध्ये केसासारखी बारीक कर्बाची तार किंवा कण अडकलेला दिसतो. पिस्टनच्या माथ्यावरचा साठा सुटून तो कण तेथे बसलेला असतो. नखाने काढला की गाडी चालू. हे एकदा झाले तर योगायोग. वारंवार होऊ लागले तर हेड उघडून साचलेला कर्ब खरवडून काढण्याची वेळ आली आहे.

आता चुकीच्या उपचाराविषयी. प्लग काळा पडतो म्हणून कोणी गरम प्लग घालतो, कोणी लहान जेट घालतो, कोणी पेट्रोलमधले तेल निम्मे करतो. प्लगचा रंग खरोखरच सुधारतो आणि मालक खूश होतो. परंतु मूळ दोष जळलेल्या पॉइंटांत किंवा बुजलेल्या सायलेन्सरात असेल तर ह्या तिन्ही उपायांनी रोग तसाच ठेवून इंजिनची उष्णता मात्र वाढवली. गावात ते कळत नाही. लांबच्या चढावर, पूर्ण थ्रॉटलवर, भर उन्हात पिस्टन फुगतो, तेलाचा पापुद्रा पुरत नाही आणि पिस्टन सिलिंडरला पकडतो. टू-स्ट्रोक इंजिन असे जाम झाले की मागचे चाक जागच्या जागी थांबते आणि गाडी घसरू लागते. स्वाराच्या हाती तेव्हा क्लच दाबण्यापुरता निमिषभर वेळ असतो. घाटाच्या वळणावर हा अनुभव येणे किती महागात पडेल हे निराळे सांगावयास नको. काळा प्लग स्वाराला चालावयास लावतो. पांढरा प्लग त्याला पाडू शकतो. प्लगच्या वेष्टनावर चांदीसारखे चमकदार बारीक ठिपके दिसले तर ते वितळलेल्या पिस्टनचे कण होत, आणि तशी गाडी त्या ठिकाणाहून एक किलोमीटरही चालवू नये.

जुन्या पुस्तिकांतून चांगल्या प्लगचा रंग चॉकलेटी किंवा विटकरी सांगितलेला असतो. तो आज जसाच्या तसा शोधू नये. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे आणि त्याचे साठे प्लगला विशिष्ट छटा देत. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली पूर्णपणे बंद झाले. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले. इथेनॉलच्या अंगीच प्राणवायू असल्यामुळे त्याच जेटमधून जाणारे मिश्रण थोडे पातळ पडते आणि प्लग फिकट दिसतो. आजच्या इंधनावर फिकट बदामी, किंबहुना करडा रंगही निरोगी असू शकतो. जुन्या पुस्तिकेतला विटकरी रंग आणण्यासाठी जेट मोठे करीत जाणारा मालक स्वतःच्या हातांनी काजळी विकत घेतो.

इथेनॉलचा आणखी एक गुण पावसाळ्यात ध्यानात ठेवावा. ते हवेतील ओल शोषून घेते. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, टाकीत पाणी एका मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल त्या थरात उतरत नाही. आणि पेट्रोलचा नळ तर तळाशीच असतो. प्लग ओला निघतो, त्याला पेट्रोलचा वासही धड येत नाही, आणि चुकून इंजिन चालू झालेच तर ते तेलावाचून फिरते. कोकणात आणि गोव्यात पावसाळाभर गाडी झाकून ठेवणाऱ्यांनी टाकी रिकामी करून ठेवावी, हे श्रेयस्कर.

प्लगचा रंग पाहण्याचीही एक रीत आहे. गाडी दारात पाच मिनिटे धडधडवीत ठेवून प्लग काढला तर तो केवळ त्या पाच मिनिटांची कथा सांगतो, आणि ती नेहमी काळीच असते. सपाट, निर्मनुष्य रस्त्यावर इंजिन चांगले तापवून, एका ठरावीक थ्रॉटलवर किलोमीटरभर गाडी न्यावी; मग एकाच वेळी क्लच दाबून इग्निशन बंद करावे, गाडी आपोआप थांबू द्यावी आणि तेथेच प्लग काढावा. पाव ते पाऊण थ्रॉटलवर नीडलची, पूर्ण थ्रॉटलवर मुख्य जेटची परीक्षा होते. पाहावयाचे ते टोक नव्हे. भिंगाने वेष्टनाच्या खोल मुळाशी पाहावे, जेथे ते कवचात शिरते. मिश्रणाची खरी साक्ष तेथील कड्यावर उमटते. हा प्रयोग घाटात किंवा रहदारीत कदापि करू नये.

स्वच्छतेच्या बाबतीत घरगुती उपाय पुष्कळ प्रचलित आहेत. प्लग शेगडीवर धरून भाजल्याने तेल जळते, पण सर्व कर्ब जात नाही आणि असमान उष्णतेने वेष्टनाला तडा जाण्याची भीती असते. पोलादी ब्रशाने घासल्यास धातूच्या सूक्ष्म रेघा वेष्टनावर राहतात, म्हणजे काजळीची पायवाट पुसून तेथे पक्की सडक बांधल्यासारखे होते. पितळी ब्रश आणि पेट्रोल पुरे. वाळूच्या फवाऱ्याने साफ केलेल्या प्लगमध्ये एखादा कण अडकून राहिला तर तो सिलिंडर खरवडतो. फट जुळवताना बाहेरचा दातच वाकवावा. मधल्या कांडीवर जोर दिला की वेष्टन चिरते, आणि ती चीर दिसत नसली तरी विजेला सापडते.

प्लग बसवण्यापूर्वी भोकाभोवतीची माती फुंकून काढावी. पहिले सर्व आटे पान्याशिवाय, बोटांनीच फिरवावेत. बोटांनी घट्ट झाल्यावर नव्या वॉशरच्या प्लगला पान्याने अर्धा फेरा पुरतो. वापरलेल्या वॉशरला त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. जावाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. अंगातला जोर दाखवण्यासाठी ती जागा नव्हे. तेथील आटे एकदा गेले की भोक मोठे करून त्यात नवी आट्यांची पुंगळी बसवून घ्यावी लागते.